चिश्ती सूफींची मल्फूज हस्तलिखिते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात फारसी वाचणे म्हणजे सनदा, फर्माने आणि दरबारी पत्रव्यवहार वाचणे, असा एक समज आहे आणि तो निराधार नाही. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने फारसी कागद जमवले, ग. ह. खरे यांनी 'ऐतिहासिक फारसी साहित्य' या मालेतून ते संपादित केले आणि त्या कामामुळे शिवकालाचा अभ्यास बदलला. मात्र त्याच लिपीत आणि त्याच भाषेत, बऱ्याचदा त्याच दौलताबादी कागदावर लिहिलेले भक्तिपर वाङ्मय त्यामुळे मागे पडले. त्यातील मल्फूज या प्रकाराविषयी, आणि विशेषतः खुलताबादच्या चिश्ती या सूफी परंपरेत लिहिल्या गेलेल्या ग्रंथांविषयी, वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

मल्फूज म्हणजे नेमके काय?

गुरूच्या बैठकीत जे बोलणे झाले ते हजर असलेल्या शिष्याने लिहून ठेवले, तर त्या नोंदवहीला मल्फूज म्हणतात. तो कुराण किंवा हदीस नव्हे, धर्मशास्त्राचा निर्णयग्रंथही नव्हे. एका माणसाने दुसऱ्याकडून ऐकलेल्या गोष्टींची ती नोंद आहे. या प्रकाराचा भारतातील आदर्श म्हणजे दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलिया यांच्या बैठकींचा 'फवाइदुल फुआद' हा ग्रंथ. तो अमीर हसन सिज्जी या कवीने १३०८ ते १३२२ या काळात लिहिला आणि त्याच्या पाच भागांत १८८ बैठकी आहेत. प्रत्येक नोंद वार आणि हिजरी तारीख देऊन सुरू होते. मग कोण आले होते, कशावरून विषय निघाला, हे थोडक्यात येते आणि तेथून बोलणे गोष्टीकडे, शेराकडे किंवा एखाद्या जुन्या पीराच्या आठवणीकडे वळते. हसनने आपल्या नोंदी गुरूंना दाखवल्या होत्या, आणि जेथे ऐकलेले नीट न कळल्याने त्याने जागा कोरी सोडली होती, ती गुरूंनी स्वतः भरून दिली. निजामुद्दीन यांनीही तरुणपणी आपले गुरू बाबा फरीद यांचे शब्द असेच टिपून ठेवले होते, त्यामुळे शिष्याची ही धडपड त्यांना अनोळखी नव्हती.

दिल्लीच्या या परंपरेचा महाराष्ट्राशी संबंध कसा आला?

मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन राजधानीचा दर्जा दिला आणि दिल्लीतील सरदार, विद्वान व सूफी यांना तिकडे जावे लागले. त्यांत निजामुद्दीन यांचे वयोवृद्ध शिष्य बुरहानुद्दीन गरीब होते आणि 'फवाइदुल फुआद' लिहिणारा हसन सिज्जीही होता. दोघांच्या कबरी दौलताबादच्या घाटावर, खुलताबादेत आहेत. बुरहानुद्दीन यांचे निधन हिजरी ७३८ मध्ये, म्हणजे १३३७ साली झाले. पुढे खानदेशच्या फारुकी राजांनी तापीकाठी वसवलेल्या बुऱ्हाणपूरला त्यांचेच नाव मिळाले.

हस्तलिखितांच्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांच्याभोवती जमलेले काशानी घराणे. या घराण्यातील भावांनी एकाच गुरूचे बोलणे ऐकले, पण प्रत्येकाने ते वेगळ्या पद्धतीने लिहिले. रुक्नुद्दीन काशानी यांनी 'नफाइसुल अन्फास' हे तारीखवार मल्फूज लिहिले. हम्माद काशानी यांनी 'अहसनुल अक्वाल' मध्ये तारखा बाजूला ठेवून गुरूंची वचने आणि आचरण विषयवार लावले. मज्दुद्दीन काशानी यांनी 'गराइबुल करामात' मध्ये चमत्कारांच्या कथा गोळा केल्या. शिवाय रुक्नुद्दीन यांनी 'शमाइलुल अत्किया' हा मोठा संग्रहग्रंथ रचला आणि आपण कोणत्या पुस्तकांतून वचने घेतली त्यांची अडीचशेहून अधिक नावांची यादी आरंभी जोडली. चौदाव्या शतकात दौलताबादेत बसून एवढी पुस्तके धुंडाळणारा माणूस होता, ही गोष्ट आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत आली पाहिजे होती. या ग्रंथाचा सतराव्या शतकात दखनी गद्यात अनुवाद झाला आणि तो दखनीच्या आरंभीच्या गद्यातील एक महत्त्वाचा नमुना मानला जातो.

बुरहानुद्दीन यांचे उत्तराधिकारी झैनुद्दीन शिराझी यांच्या बैठकींचेही 'हिदायतुल कुलूब' हे मल्फूज आहे. झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर असल्याने तेथे जाणाऱ्या बहुतेकांचे लक्ष तिकडेच जाते, आणि ज्यांच्या दर्ग्यात आपण उभे आहोत त्यांचे बोलणे लिहून ठेवलेले आहे, हे कोणाच्या गावीही नसते.

या ग्रंथांत मुख्य शिकवण कोणती आहे?

सगळे ग्रंथ एकाच सिद्धान्तात बसवता येणार नाहीत, कारण बैठकीत ज्याचा जो प्रश्न असेल त्याला तसे उत्तर मिळत असे. तरीही एक भेद चिश्ती विचाराच्या केंद्रस्थानी आहे. 'फवाइदुल फुआद' मध्ये निजामुद्दीन सांगतात की उपासना दोन प्रकारची असते. एक लाजिमी, जिचा लाभ फक्त करणाऱ्याला होतो: नमाज, रोजा, हज, जपमाळ. दुसरी मुतअद्दी, जिचा लाभ दुसऱ्यापर्यंत पोहोचतो: खर्च करणे, दया करणे, कोणाच्या उपयोगी पडणे. पहिली स्वीकारली जावी यासाठी मनाची पूर्ण शुद्धता लागते. दुसरी कशीही केली तरी तिचे पुण्य मिळते आणि त्या पुण्याला मोजमाप नसते. येथे नमाज सोडण्याची मुभा दिलेली नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे, कारण हल्ली हे वचन अर्धेच सांगितले जाते. ज्यांच्या तोंडी ते आहे ते स्वतः रात्रीच्या रात्री उपासनेत काढणारे होते.

या विचाराला त्यांच्या घरात व्यवहाराचे रूप होते. न मागता आलेली भेट, जिला फुतूह म्हणतात, साठवायची नाही आणि वाटून टाकायची, हा नियम होता. शुक्रवारच्या नमाजापूर्वी कोठार रिकामे करून झाडून घेतले जाई. सुलतानाच्या दरबारात न जाण्याचा दंडकही याच्याशीच जोडलेला होता, कारण ठरलेले उत्पन्न आले की देणाऱ्याची मर्जी सांभाळणे आले. वैर करणाऱ्याविषयी निजामुद्दीन यांचे म्हणणे असे की कोणी वाटेत काटा टाकला आणि उत्तर म्हणून तुम्हीही काटा टाकलात, तर सगळीकडे काटेच होतील.

दुसरा मोठा विषय अदबीचा, म्हणजे गुरूसमोर आणि सोबत्यांसमोर कसे वागावे याचा. याबाबत बुरहानुद्दीन यांचीच एक कथा 'सियरुल औलिया' या चरित्रग्रंथात येते. म्हातारपणी थंडी सोसवेना म्हणून ते घोंगडीची घडी करून तिच्यावर बसू लागले. कोणीतरी गुरूंच्या कानावर घातले की हे आता स्वतः पीर होऊन गादीवर बसतात, आणि गुरूंनी त्यांना समोरून उठवून लावले. शेवटी अमीर खुसरो गळ्यात पागोटे अडकवून गुरूंपुढे उभे राहिले आणि त्यांनी क्षमा मिळवून दिली. आजच्या वाचकाला गुरूंचा राग अन्यायाचा वाटेल, आणि तसा तो वाटण्यात गैर काही नाही. परंतु ही कथा बुरहानुद्दीन यांना मानणाऱ्या वर्तुळात लपवली गेली नाही, उलट सांगितली गेली, यावरून त्या लोकांना बसण्याच्या जागेत दडलेला अहंकार किती गंभीर वाटत होता ते कळते.

प्रत्यक्ष साधना कोणत्या सांगितल्या आहेत?

पाच वेळांच्या नमाजाखेरीज उत्तररात्रीची तहज्जुद, सूर्योदयानंतरची इश्राक आणि सकाळ चढल्यावरची चाश्त या ऐच्छिक नमाजांचा उल्लेख वारंवार येतो. रमजानखेरीज ठेवायचे रोजे, ठरावीक वेळी म्हणायचे विर्द आणि कुराणाचे पठण यांवरही पुष्कळ चर्चा आहे. कमी जेवणे, कमी बोलणे, कमी झोपणे आणि लोकांत कमी मिसळणे ही चौकट जवळजवळ सगळीकडे गृहीत धरलेली आहे.

सूफी म्हटल्यावर जी साधना प्रथम आठवते ती जिक्र, म्हणजे ईश्वराच्या नावाचे स्मरण. ते मोठ्याने केले तर जली आणि मनात केले तर खफी. 'ला इलाहा' म्हणताना ईश्वरावाचून सारे काही नाकारायचे आणि 'इल्लल्लाह' म्हणताना डाव्या बाजूच्या हृदयाकडे मान झुकवून तेथे ते नाव ठसवायचे, अशी पद्धत पुढच्या काळातील चिश्ती ग्रंथांत तपशिलाने मिळते. शाह कलीमुल्लाह जहानाबादी (१६५० ते १७२९) यांच्या 'कश्कोल-ए-कलीमी' मध्ये आसन कसे घालावे आणि श्वास कोठे रोखावा, येथपर्यंत सूचना आहेत. त्यांचे शिष्य निजामुद्दीन औरंगाबादी दख्खनमध्ये राहिले आणि गुरू दिल्लीहून त्यांना पत्रांतून मार्गदर्शन करीत, त्यामुळे या नंतरच्या ग्रंथांचाही आपल्या भागाशी जवळचा संबंध आहे. श्वासागणिक नाव घेण्याला पास-ए-अन्फास, मन एकाग्र करून बसण्याला मुराकबा आणि चाळीस दिवसांच्या एकांताला चिल्ला म्हणतात.

पुस्तकात वाचून जिक्र किंवा चिल्ला करता येईल का?

ही हस्तलिखिते त्यासाठी लिहिलेली नाहीत. मल्फूजात जे सांगितले आहे ते समोर बसलेल्या एका विशिष्ट माणसाला, त्याची तब्येत, प्रपंच आणि स्वभाव पाहून सांगितलेले आहे. एकाला उपास वाढवायला सांगितले तर दुसऱ्याला नोकरी न सोडता राहायला सांगितले, अशी उदाहरणे भरपूर सापडतात. बैअत, म्हणजे गुरूच्या हातावर हात ठेवून घेतलेली दीक्षा, हा या सगळ्याचा पाया होता. बाबा फरीद यांनी विहिरीत उलटे लटकून केलेल्या चिल्ला-ए-माकूसविषयी कुतूहलाने विचारणारे बरेच जण असतात. त्यांना एवढेच सांगता येते की ती एका असामान्य साधकाची कथा म्हणून परंपरेने जपली आहे, नवख्याने गिरवायचा पाठ म्हणून नव्हे.

श्वासाच्या या साधना योगातून घेतल्या आहेत का?

परिचय निश्चित होता. बाबा फरीद यांच्या अजोधन गावच्या जमातखान्यात, म्हणजे शिष्यांसह राहण्या-बसण्याच्या जागेत, योगी येत असत आणि निजामुद्दीन यांनी त्यांच्याशी झालेल्या बोलण्याची आठवण सांगितली आहे. दिल्लीचे नसीरुद्दीन चिराग यांनी 'खैरुल मजालिस' या आपल्या मल्फूजात श्वासनियमनाचे महत्त्व सांगताना, सिद्ध म्हणवणारे योगी मोजून श्वास घेतात, असा स्पष्ट दाखला दिला आहे. सोळाव्या शतकात ग्वाल्हेरचे शत्तारी सूफी मुहम्मद गौस यांनी 'अमृतकुंड' या योगग्रंथाच्या परंपरेवरून 'बहरुल हयात' हा फारसी ग्रंथ केला. १६०० नंतर लवकरच शाहजादा सलीमसाठी तयार झालेली त्याची सचित्र प्रत आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे आणि तीत योगासनांची चित्रे आहेत. तरीही स्मरणाचे शब्द आणि त्यामागचा विचार इस्लामी परंपरेतून आलेला आहे. ओळख, आदर आणि काही तंत्रांची देवघेव झाली, यापुढे जाऊन 'सगळे तेथूनच आले' असे म्हणायला हस्तलिखितांचा आधार मिळत नाही.

संगीत चालते का?

चिश्ती परंपरेत समा, म्हणजे गायन ऐकून होणारी भावावस्था, मान्य होती, पण अटींसह. गाणारा प्रौढ पुरुष असावा, ऐकणाऱ्याचे मन ईश्वराकडे असावे, गायले जाणारे काव्य अश्लील नसावे आणि वाद्ये नसावीत, अशा चार बाजूंनी निजामुद्दीन यांनी मर्यादा घातली होती. कव्वालीत हार्मोनियम आणि तबला ऐकण्याची सवय असलेल्यांना ही शेवटची अट आश्चर्यकारक वाटते. एवढे करूनही गियासुद्दीन तुघलकाच्या काळात या प्रश्नावर उलेमांसमोर त्यांची चौकशी झालीच. बुरहानुद्दीन समामध्ये विशेष रमत आणि त्यांच्या सोबत्यांची नाचण्याची एक वेगळी ढब होती, जिच्यावरून त्यांना 'बुरहानी' म्हणत.

स्त्रियांना या परंपरेत स्थान होते का?

बैठकीच्या नोंदी पुरुषांनी, पुरुषांच्या सभेत लिहिल्या आहेत, त्यामुळे चित्र अपुरे आहे. दिल्लीच्या बीबी फातिमा साम यांच्याविषयी मात्र निजामुद्दीन अत्यंत आदराने बोलतात. वनातून सिंह बाहेर आला तर तो नर की मादी हे कोणी विचारत नाही, असे त्यांनी त्यांच्या संदर्भात म्हटले आहे.

प्रत्येक मल्फूज अस्सल असते का?

नाही. ख्वाजा मुईनुद्दीन, कुत्बुद्दीन बख्तियार काकी आणि बाबा फरीद यांच्या नावावर 'अनीसुल अरवाह', 'दलीलुल आरिफीन', 'राहतुल कुलूब' अशी मल्फूज ग्रंथांची एक मालिकाच आहे. निजामुद्दीन यांनी आपण किंवा आपल्या पीरांनी कोणताही ग्रंथ लिहिलेला नाही असे म्हटल्याचे 'खैरुल मजालिस' मध्ये आले आहे, आणि या ग्रंथांतील तारखाही एकमेकींशी जुळत नाहीत. विसाव्या शतकात इतिहासकार मोहम्मद हबीब यांनी या विसंगती तपशिलाने दाखवल्या. अशा ग्रंथांवर श्रद्धेने वाढलेली माणसे आहेत, त्यामुळे बोलताना भान हवे. पण तेराव्या शतकातील पुरावा म्हणून ते वापरता येत नाहीत. ते रचले गेले त्या काळच्या लोकांना आपल्या पीरांकडून काय ऐकायचे होते, हे मात्र त्यांतून चांगले कळते.

मराठी संतांशी याचा धागा जुळतो का?

हा पुण्यात सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १६४५ साली 'योगसंग्राम' मराठी ओव्यांत पूर्ण केला आणि त्यांचे गुरू चांद बोधले कादिरी या दुसऱ्या सूफी परंपरेतील होते. एका परंपरेनुसार एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही चांद बोधल्यांचेच शिष्य. रा. चिं. ढेरे यांचा 'मुसलमान मराठी संतकवी' आणि सेतुमाधवराव पगडी यांचा 'सूफी संप्रदाय' ही दोन पुस्तके या विषयासाठी अजूनही हाताशी ठेवावीत. मात्र कादिरी परंपरा वेगळी आणि खुलताबादची चिश्ती परंपरा वेगळी. दौलताबादचा किल्ला दोहोंना जवळ आहे एवढ्यावरून काशानी बंधूंचे ग्रंथ जनार्दनस्वामींच्या वाचनात होते असे म्हणता येणार नाही.

आमच्या घरी अरबी लिपीतील जुनी वही आहे. ती किती जुनी आहे हे कसे ओळखावे?

शेवटचे पान आधी पाहावे. नकल करणारा बहुधा मजकूर संपल्यावर 'तमाम शुद' असे लिहून आपले नाव, गाव आणि तारीख देतो. या भागाला तरकीमा म्हणतात. हिजरी सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन अंदाजे मिळतो. मोडी कागद वाचणाऱ्यांनी सावध राहावे, कारण आपल्याकडचा सुहूर सन वेगळा आहे आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. तरकीमा नसेल तर कागद, मालकांच्या मोहरा आणि समासातील टिपा पाहाव्या लागतात. एखाद्या पानावर 'या कबीकज' असे लिहिलेले दिसले तर दचकू नये; कसरीपासून पुस्तकाचे रक्षण व्हावे म्हणून ते लिहिण्याची प्रथा होती. डाव्या पानाचा पहिला शब्द उजव्या पानाच्या तळाशी आधीच लिहिलेला असतो, आणि शिवण सुटून पाने विस्कटली असल्यास क्रम त्यावरून लावता येतो.

तरकीम्यातील तारीख ही नकलेची असते, रचनेची नव्हे. अठराव्या शतकातील वहीत चौदाव्या शतकाचा ग्रंथ असणे हे अगदी नेहमीचे आहे.

ती वही कशी जपावी?

पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नये; आत दमटपणा साचतो आणि बुरशी धरते. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडाच्या बासनात, आडवी, भिंतीपासून दूर ठेवावी. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. काजळीची शाई पाण्याने विरघळते, म्हणून ओल्या फडक्याने पान पुसणे म्हणजे मजकूर पुसणे होय. हिरव्या जंगाली रेघांच्या कडेने कागद तुटत असेल तर ते पान कमीत कमी उलटावे. फ्लॅश न वापरता मोबाइलवर प्रत्येक पानाचे, कोऱ्या पानांचेही, समासासह छायाचित्र घ्यावे.

ती विकता किंवा परदेशी पाठवता येते का?

ऐतिहासिक, वाङ्मयीन, शास्त्रीय किंवा कलात्मक मूल्य असलेले ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. वही सांभाळणे शक्य नसेल तर सुटी पाने विकण्याऐवजी ती संपूर्ण एखाद्या ग्रंथसंग्रहाला द्यावी.

मुसलमान नसलेल्याने असे हस्तलिखित हाताळले तर चालते का?

मल्फूज वाचायला आडकाठी नाही; बैठकीत हिंदू येत असल्याचे खुद्द त्यांत लिहिलेले आहे. मात्र मजकुरात कुराणाच्या आयती असतात, म्हणून हात धुऊन, वही जमिनीवर न ठेवता, रिहलीवर (ग्रंथ ठेवण्याच्या घडवंचीवर) किंवा स्वच्छ कापडावर ठेवून वाचावी. ज्या घरची वही आहे त्या घरची रीत विचारून घेणे सर्वांत बरे.

हे वाचण्यासाठी किती फारसी लागते?

वाटते त्याहून कमी. दरबारी पत्रांतील शिकस्ता लिपी आणि पल्लेदार मायने यांच्या तुलनेत मल्फूजाची नस्तालीक लिपी स्वच्छ असते आणि वाक्ये बोलण्यातली, छोटी असतात. उर्दू वाचता येणाऱ्याने फारसी क्रियापदांची रूपे शिकून घेतली की 'फवाइदुल फुआद' ची छापील प्रत घेऊन बसता येते. तिच्यावर हात बसल्यावर 'नफाइसुल अन्फास' कडे वळावे, कारण दोहोंची मांडणी सारखीच आहे. 'शमाइलुल अत्किया' मध्ये अरबी अवतरणांची गर्दी असल्याने तो शेवटी घ्यावा. हा ग्रंथ विसाव्या शतकात हैदराबादला छापला गेला, त्यामुळे हस्तलिखित वाचताना छापील प्रत शेजारी ठेवता येते, आणि जेथे दोन्हींत फरक दिसेल ते पान टिपून ठेवावे.